झेनॉन हेडलाइट म्हणजे नेमकं काय? हॅलोजनपेक्षा तो खरंच चांगला असतो का?

कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा असा पुढे अहिल्यानगरकडे जातो. जुन्नर तालुक्यातला हा पट्टा उसाचा, कांद्याचा आणि टोमॅटोचा. रात्री या रस्त्यावर भाजीपाल्याचे पिकअप, लांब पल्ल्याचे ट्रक, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मोटारी आणि दुचाक्या एकत्रच धावत असतात. बऱ्याच ठिकाणी मध्ये दुभाजक नाही. गाव मागे पडलं की रस्त्यावरचे दिवेही संपतात. त्यात उसातून एखादा बिबट्या रस्ता ओलांडेल, ही शक्यता वेगळीच.

अशा रस्त्यावर गाडीचा हेडलाइट जेवढं दाखवेल, तेवढंच चालकाला दिसतं. म्हणूनच "पिवळा लाइट काढून पांढरा झेनॉन टाकून घ्या, दिवसासारखं दिसेल" हा सल्ला अनेकांना पटतो. पण झेनॉन म्हणजे फक्त जास्त पांढरा बल्ब नाही. तो हॅलोजनपेक्षा पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने उजेड देतो. आणि चुकीच्या ठिकाणी बसवला, तर तोच उजेड समोरच्याच्या जिवावर बेतू शकतो.

हे सगळं कसं चालतं, ते एकेक करून समजून घेऊ.

हॅलोजन बल्ब कसा चालतो?

घरातला जुना पिवळा बल्ब आठवा. त्यात टंगस्टन धातूची बारीक तार असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते, लाल होते, मग पिवळसर पांढरी होऊन उजेड देते. हॅलोजन बल्बचं मूळ तत्त्वही हेच आहे.

फरक आतल्या वायूत आहे. तार तापली की टंगस्टनचे कण हळूहळू उडतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसतात, काच काळी पडते आणि तार झिजत जाते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडिन किंवा ब्रोमिनचा थोडासा अंश असतो. रसायनशास्त्रात या मूलद्रव्यांच्या कुटुंबाला 'हॅलोजन' म्हणतात, म्हणून बल्बचंही नाव हॅलोजन. उडालेलं टंगस्टन या वायूशी संयोग पावतं, फिरत फिरत पुन्हा गरम तारेजवळ येतं आणि तिथे सुटं होऊन तारेवर बसतं. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि तार जास्त तापवता येते. तार जितकी जास्त तापेल, तितका उजेड जास्त.

मात्र टंगस्टन परत येताना ज्या जागेवरून उडालं, नेमकं त्याच जागी बसत नाही. कुठेतरी तार बारीक होत जाते आणि एक दिवस तुटते. त्यालाच आपण 'बल्ब उडाला' म्हणतो.

मोटारींसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, 'एच-१', युरोपात १९६२ मध्ये आला. १९७१ च्या सुमारास 'एच-४' आला. याच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरसाठी आणि एक अप्परसाठी. भारतातल्या असंख्य मोटारींमध्ये आणि पिकअपमध्ये हाच बल्ब आहे. तो स्वस्त आहे, लगेच पेटतो आणि कुठल्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो.

झेनॉनमध्ये तारच नसते, मग उजेड कुठून येतो?

झेनॉन हा हवेतच असणारा, पण अत्यंत विरळ वायू. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा जेमतेम एक भाग सापडतो. १८९८ मध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. 'परका' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं.

झेनॉन बल्बमध्ये तारेऐवजी दोन इलेक्ट्रोड म्हणजे दोन टोकं असतात. त्यांच्यामध्ये साधारण ४ मिलिमीटरची फट असते. ही टोकं क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत बंद असतात. कुपीत दाबाखाली झेनॉन वायू आणि धातूंचे काही क्षार भरलेले असतात.

आता या फटीतून वीज उडी मारायची, तर बॅटरीचे १२ व्होल्ट पुरत नाहीत. त्यासाठी 'बॅलास्ट' आणि 'इग्नायटर' लागतात. सुरुवातीला ते सुमारे २० हजार व्होल्टचा किंवा त्याहूनही मोठा झटका देतात आणि दोन टोकांमध्ये ठिणगी पेटते. आकाशातली वीज जशी ढगातून ढगात जाते, तसाच हा प्रकार, पण काही मिलिमीटरचा आणि सतत चालणारा. एकदा ठिणगी स्थिर झाली की बॅलास्ट व्होल्टेज खाली आणतो आणि विजेचा प्रवाह नियंत्रित ठेवतो.

यात झेनॉनचं मुख्य काम सुरुवातीचं आहे. स्विच दाबताच तो लगेच उजेड देतो. पुढच्या काही सेकंदांत आतले क्षार तापून त्यांची वाफ होते आणि बहुतेक उजेड मग त्या वाफेतून येतो. म्हणूनच झेनॉन हेडलाइट पेटताना आधी निळसर दिसतो आणि हळूहळू पांढरा होत पूर्ण ताकदीवर येतो. या तंत्राचं व्यापक नाव 'हाय इन्टेन्सिटी डिस्चार्ज', म्हणजेच बाजारातला 'एचआयडी'.

मोटारीत हा दिवा पहिल्यांदा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरीजमध्ये आला. नंतर तो भारतातल्या महागड्या मोटारींमध्येही दिसू लागला. टाटा मोटर्सच्या एका पिकअपचं नावही 'झेनॉन' होतं, पण त्या नावाचा या दिव्याशी संबंध जोडू नये.

दोघांची तुलना केली तर?

- वीज : हॅलोजन बल्ब डिपरला साधारण ५५ वॅट वीज घेतो. झेनॉन बल्ब ३५ वॅटवर चालतो, बॅलास्टसाठी थोडी वीज वेगळी लागते.
- उजेड : एच-४ हॅलोजन डिपरला सुमारे १,००० ल्युमेन, तर एच-७ हॅलोजन सुमारे १,५०० ल्युमेन उजेड देतो. झेनॉनच्या प्रचलित बल्बचा उजेड सुमारे ३,२०० ल्युमेन असतो. म्हणजे कमी विजेत दुप्पट ते तिप्पट.
- रंग : हॅलोजनचा रंग सुमारे ३,२०० केल्विन, म्हणजे पिवळसर. कंपनीने बसवलेल्या झेनॉनचा सुमारे ४,२०० ते ४,३०० केल्विन, म्हणजे पांढरा.
- आयुष्य : हॅलोजन काहीशे ते हजारभर तास चालतो. झेनॉन साधारण २,००० तास किंवा त्याहून जास्त. पण तो अचानक न उडता हळूहळू मंद होतो आणि त्याचा रंगही बदलत जातो.
- पेटण्याचा वेळ : हॅलोजन लगेच पूर्ण पेटतो. झेनॉनला काही सेकंद लागतात.
- खर्च : हॅलोजन बल्ब काहीशे रुपयांत बदलता येतो. झेनॉनमध्ये बल्ब आणि बॅलास्ट दोन्ही महाग असतात.

हा हिशेब पाहिला तर झेनॉन सरळ सरळ जिंकतो. पण हे आकडे फक्त बल्बचे आहेत. तो उजेड रस्त्यावर कुठे पडतो, हे ठरवणारी गोष्ट दुसरीच आहे.

उजेड कुठे पडायचा, हे कोण ठरवतं?

ते ठरवतं बल्बच्या भोवतीचं 'घर', म्हणजे रिफ्लेक्टर, काच आणि लेन्स.

एच-४ हॅलोजन बल्ब हातात घेऊन पाहिला, तर डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी दिसते. ही वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या तारेची जागा, लांबी आणि आकार गृहीत धरून घडवलेला असतो.

यामुळे डिपरच्या उजेडाला वरून एक स्पष्ट सीमारेषा मिळते. तिच्या खाली उजेड, वर अंधार. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ही रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते. कडेचे पादचारी, सायकलस्वार आणि फलक दिसावेत, हा हेतू. उजवीकडे ती खाली राहते, कारण समोरचा चालक तिकडून येतो.

कंपनीने झेनॉन बसवलेल्या मोटारींत बहुतेक वेळा 'प्रोजेक्टर' असतो. आत एक रिफ्लेक्टर, मध्ये उजेड कापणारा पडदा आणि पुढे जाड भिंग. 'बाय-झेनॉन' प्रकारात हा पडदा खाली सरकला की अप्पर लागतो, वर आला की डिपर. ३,२०० ल्युमेनचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून ही सगळी व्यवस्था.

युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत त्यापुढची अटही घालण्यात आली. डिपरचा बल्ब २,००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेड देणारा असेल, तर हेडलाइटची पातळी आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे हवेत. कारण मागे वजन भरलं की गाडीचं तोंड वर उचललं जातं आणि काचेवर चिखल बसला की उजेड सगळीकडे विखुरतो.

हॅलोजनच्या घरात झेनॉन बल्ब टाकला तर?

बाजारात मिळणारी 'एचआयडी किट' हेच करतात. हेडलाइट तोच, फक्त आतला बल्ब बदलायचा आणि बॅलास्ट जोडायचा. गडबड इथेच सुरू होते.

हॅलोजनची तार म्हणजे एकसारखी तापलेली छोटी नळी. झेनॉनची ठिणगी मात्र किंचित कमानीसारखी वाकलेली असते आणि टोकांजवळ जास्त प्रखर असते. रिफ्लेक्टर घडवला तारेसाठी आणि त्यात आली ठिणगी. मग प्रत्येक किरण ठरलेल्या जागेवरून थोडा सरकतो. ती स्वच्छ सीमारेषा पुसली जाते आणि वरच्या अंधाऱ्या भागात उजेड उधळतो. त्यात हा उजेड आधीपेक्षा दुप्पट-तिप्पट.

चालकाला मात्र वाटतं, किती छान दिसतंय! कारण गाडीच्या अगदी पुढचा रस्ता पांढराशुभ्र होतो. पण जवळचा रस्ता असा उजळला की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. रात्री महत्त्वाचं असतं ते लांबचं दिसणं.

हे 'लांबचं' म्हणजे किती?

साधा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. म्हणजे एकूण जवळपास ७० मीटर. ताशी ६० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ४५ मीटर होतं. भरलेल्या ट्रकला याहून बरंच जास्त अंतर लागतं.

आता डिपरकडे पाहू. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल आणि उजेडाची सीमारेषा दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर ती ६५ मीटरवर जमिनीला टेकते. हे गणित हॅलोजनलाही लागू आहे आणि झेनॉनलाही. चांगला झेनॉन त्या मर्यादेच्या आत जास्त रुंद आणि जास्त स्पष्ट उजेड देतो. रस्त्याच्या कडा, वळणाचा आतला भाग, कडेने चालणारा माणूस लवकर दिसतो. हा त्याचा खरा फायदा. पण डिपरवर ताशी ८० ने जाणाऱ्याला समोर बिनदिव्याची ट्रॉली दिसली, तर झेनॉनही त्याला वाचवेलच असं नाही.

म्हणूनच ट्रॉलीच्या मागची रिफ्लेक्टर पट्टी एवढी महत्त्वाची ठरते. ती आलेला उजेड पुन्हा आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे साध्या हॅलोजनमध्येही ती कितीतरी लांबून चमकते. रात्री बिबट्याचे डोळे चमकतात, त्यामागेही असंच कारण आहे. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो.

समोरच्याच्या डोळ्यांचं काय होतं?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अचानक झगझगीत उजेड पडला, तर तो गेल्यावरही काही सेकंद नीट दिसत नाही. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. एवढं अंतर समोरचा चालक जवळजवळ अंदाजाने गाडी चालवत असतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर त्याच्या आणि तुमच्या गाडीमध्ये काही फुटांचंच अंतर असतं. म्हणजे तुमच्या दिव्याने त्याचे डोळे दिपले, तर पहिला धोका तुम्हालाच.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर उजेड डोळ्यात आणखी विखुरतो. निळसर पांढरा उजेड पिवळ्यापेक्षा जास्त टोचतो, असाही अनेकांचा अनुभव असतो.

पातळी थोडी चुकली तरी काय होतं, तेही पाहा. वरच्याच उदाहरणातला हेडलाइट फक्त एक अंश वर उचलला गेला, तर सीमारेषा खाली उतरण्याऐवजी वर चढू लागते. ६० मीटरवर ती जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर पोहोचते. साध्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. मागे क्रेट भरलेल्या पिकअपचं तोंड एवढं वर सहज उचललं जातं.

माळशेजच्या धुक्यात पिवळा चांगला की पांढरा?

पावसाळ्यात माळशेज घाटात दाट धुकं उतरतं, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. धुक्यातले पाण्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात. त्यामुळे ते सगळ्या रंगांचा उजेड जवळपास सारखाच विखुरतात. रंगापेक्षा फरक पडतो तो उजेडाच्या उंचीने आणि आकाराने. फॉग लॅम्प उपयोगी पडतो, कारण तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा उजेड रुंद, चपटा असतो. अप्पर लावला तर हॅलोजन असो वा झेनॉन, समोर पांढरी भिंतच उभी राहते. बिघडलेल्या सीमारेषेचा झेनॉन डिपरवरही हेच करतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, असा बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हेडलाइटचा उजेड समोरच्याचे डोळे दिपवणारा नसावा, अशी तरतूद आहे.

गाडीच्या दिव्यांना बाजारात येण्याआधी चाचण्यांतून जावं लागतं. वाहनं आणि त्यांचे सुटे भाग तपासणारी एआरएआय ही प्रमुख संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. ही मान्यता बल्ब आणि घर यांच्या जोडीला मिळते. बल्बचा प्रकार बदलला की ती मान्यता उरत नाही.

आपल्या गाडीचा हेडलाइट कशासाठी बनला आहे, हे अनेकदा काचेवरच कोरलेलं असतं. इंग्रजी अक्षरांत 'एचसी', 'एचआर' किंवा 'एचसीआर' असेल, तर तो हॅलोजनसाठी. 'डीसी', 'डीआर' किंवा 'डीसीआर' असेल, तर झेनॉनसाठी.

मग हॅलोजनवाल्यांनी काय करायचं?

किट न टाकताही हॅलोजनचा उजेड बराच सुधारता येतो.

- काच पाहा. हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश केली किंवा बदलली, तर फरक लगेच दिसतो.
- व्होल्टेज मोजून घ्या. गंजलेलं अर्थिंग किंवा जुनी वायर असेल, तर बल्बला पूर्ण वीज मिळत नाही. व्होल्टेज १० टक्के कमी झालं, तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो.
- बल्ब जोडीने बदला. नवा बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काच तिथे कमजोर होते.
- निळ्या बल्बला भुलू नका. पाकिटावर 'झेनॉन व्हाइट' लिहिलेले अनेक बल्ब हॅलोजनच असतात. निळा लेप पिवळा उजेड अडवतो, म्हणून तो पांढरा दिसतो. त्यात एकूण उजेड वाढत नाही.
- ९०-१०० वॅटचे बल्ब टाळा. जास्त उष्णतेने होल्डर आणि वायर वितळू शकते.
- पातळी तपासा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. डिपरची सीमारेषा हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तो पाळा.
- मागे वजन असेल, तर पातळीचं बटण वापरा. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असं लिहिलेली छोटी चकती असते. वजन वाढलं की आकडा वाढवायचा, उजेड खाली येतो.

गाडीत कंपनीचाच झेनॉन असेल, तर त्याच प्रकारचा बल्ब वापरा आणि दोन्ही एकदम बदला, नाहीतर दोन डोळे दोन रंगांचे दिसतील. हे काम घरी करू नका. पेटतानाचा हजारो व्होल्टचा झटका जीवघेणा ठरू शकतो. जुन्या बल्बमध्ये पाराही असू शकतो. सेकंड हँड गाडी घेताना झेनॉन कंपनीचा आहे की बाहेरून टाकलेला, हे काचेवरची अक्षरं वाचून तपासा.

झेनॉनचे दिवस संपले का?

नव्या गाड्यांमध्ये झेनॉनची जागा आता एलईडीने घेतली आहे. एलईडी लगेच पेटतो, कमी वीज घेतो आणि त्याला हजारो व्होल्टचा झटका लागत नाही. पण नियम तोच राहतो. एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट उत्तम, हॅलोजनच्या घरात घुसवलेला एलईडी बल्ब मात्र झेनॉन किटसारखाच त्रासदायक ठरू शकतो.

थोडक्यात, त्याच्यासाठीच बनवलेल्या हेडलाइटमध्ये झेनॉन हा हॅलोजनपेक्षा सरस आहे. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये मात्र स्वच्छ काच, पूर्ण व्होल्टेज आणि बरोबर पातळी असलेला साधा हॅलोजनच बरा. आणि बल्ब कुठलाही असो, समोरून गाडी दिसली की डिपर द्या. समोरच्याला रस्ता दिसत राहिला, तरच तो तुमच्या बाजूला येणार नाही.